ढेकूण घालवताना फवारा शेवटी: पुण्यातल्या फ्लॅटसाठी टप्प्याटप्प्याने कृती

घरात ढेकूण दिसला की पहिल्या तासाभरात बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी होतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्प्रेचा डबा येतो, गादी गच्चीवर जाते आणि मंडळी हॉलमध्ये झोपायला जातात. या तिन्हींनी ढेकूण पसरतात. एका पलंगात असलेले ढेकूण मग सोफ्यात, पडद्यात आणि जिन्यातून शेजाऱ्याकडे पोचतात. महिन्याभराने लोक म्हणतात, “औषधात दम नाही.” औषधाचा दोष असतोही, पण बहुतेकदा चुकलेला असतो तो क्रम. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

१. आधी खात्री करा: ढेकूणच आहे ना?

नुसत्या चाव्यावरून ढेकूण ओळखता येत नाही. डास, पिसवा, खरूज, घामोळं यांचे फोड कितीदा तरी सारखेच दिसतात. शिवाय ढेकूण चावल्याची सूज काहींना काही दिवसांनी येते, तर काहींना येतच नाही. एकाच पलंगावर बायको रात्रभर खाजवत असते आणि नवरा म्हणत असतो, “मला तर काही चावत नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत.” दोघांनाही चावत असतं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला खाज असेल आणि घरातल्या सगळ्यांनाच असेल, तर पलंग खोलण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ती खरूज असू शकते.

खात्री पुराव्याने होते. असा पुरावा चार प्रकारचा:

- प्रत्यक्ष ढेकूण. मोठा ढेकूण ४ ते ५ मिलिमीटरचा, जवसाच्या बीसारखा चपटा आणि तपकिरी. रक्त प्यायला की लांबट, फुगीर आणि लालभडक दिसतो. पंख नसतात, उडी मारता येत नाही. पिल्लू दीड मिलिमीटरपासून पुढे, फिकट, जवळजवळ पारदर्शक.
- काळे ठिपके. ही त्यांची विष्ठा. गादीच्या शिवणीवर, फळीच्या कडेला पेनाची शाई उमटल्यासारखी दिसते. ओल्या इअरबडने घासून पाहा, तांबूस डाग पसरला तर बहुधा तीच.
- कात. रिकामी, पिवळसर टरफलं. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं.
- अंडी. जेमतेम १ मिलिमीटरची, पांढरी, फटीत चिकटवलेली. झाडूने निघत नाहीत.

झुरळाचं पिल्लू पाहून घाबरणारे पुष्कळ असतात. ते सरळ सुसाट पळतं, लांब मिशा हलवतं आणि स्वयंपाकघरात जास्त दिसतं. शंका असेल तर सापडलेला किडा पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा. पुढे पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला तो लागेल.

पडताळणी: वरच्या चारपैकी एकही गोष्ट सापडली नसेल, तर पुढे जाऊ नका. औषध तर मुळीच मारू नका.

२. कुठवर पोचलेत ते शोधा

साहित्य फार लागत नाही: चांगला टॉर्च, जुनं एटीएम कार्ड, पांढरा कागद, चिकटपट्टी आणि स्क्रू-ड्रायव्हर. ढेकूण बहुतेक वेळा झोपायच्या जागेपासून दीड-दोन मीटरच्या आत राहतात, म्हणून उशाकडून सुरुवात करून बाहेर सरकत जा.

आधी गादीच्या शिवणी, पायपिंग, टाक्यांचे खळगे आणि हँडलच्या पट्ट्या. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी, विशेषतः तिची भिंतीकडची बाजू. मग खालचे प्लायचे तुकडे, त्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, सुटलेल्या सनमायकाच्या कडा. त्यानंतर पलंगाशेजारचं टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोटो, पडद्याच्या वरच्या चुण्या, स्कर्टिंगच्या फटी. लॅपटॉपची बॅग आणि पलंगाखालच्या सुटकेसेस लोक हमखास विसरतात.

कार्डाची कड फटीतून हळू फिरवा आणि खाली कागद धरा. जे पडेल ते दिसेल. स्विचबोर्डमागे ढेकूण असू शकतात, पण तो स्वतः उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करूनच. नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सापडेल त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा. दोन आठवड्यांनी तुलना करताना डोक्यातली आठवण कामाची नसते.

३. आज रात्री काय करायचं नाही

खोली बदलू नका. ढेकूण माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागाने येतात. तुम्ही हॉलमध्ये गेलात तर तेही यथावकाश येतील आणि आता तुमच्याकडे दोन खोल्या असतील. घर बंद करून गावाला गेल्यानेही सुटका नाही. उपाशी ढेकूण काही महिने तग धरतात.

गादी उघडी जिन्याने नेऊ नका. पिंजाऱ्याकडेही देऊ नका, तुमचे ढेकूण त्याच्या दुकानातल्या दहा गाद्यांत जातील. फेकायचीच असेल तर प्लॅस्टिकमध्ये बांधून, चिकटपट्टी लावून आणि वर “ढेकूण आहेत” असं ठळक लिहून. कचऱ्याशेजारी ठेवलेली धडकी गादी पुण्यात कुणीतरी उचलून नेतंच.

स्प्रेचा डबाही आज बंदच. घरगुती स्प्रेतली औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि जगभरातल्या ढेकणांत या गटाला मोठ्या प्रमाणात प्रतिकार आलेला आहे. समोर दिसतो तो कदाचित मरेल, पण फटीतले बाकीचे आणखी आत किंवा भिंतीपलीकडे सरकतील.

धोका: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही, कुठल्याही कारणाने ठेवू नका. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो प्राणघातक आहे, त्याच्यावर उतारा नाही आणि भिंतीच्या फटींतून तो शेजारच्या फ्लॅटमध्ये झोपलेल्यांपर्यंत जातो. ढेकणांसाठी ठेवलेल्या या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत. या गोळ्यांच्या वापरावर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे कुणी “जालीम औषध” म्हणून पुडीत बांधून दिल्या तर घेऊ नका. रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट ओतणं म्हणजे पलंगाला आग लावायची तयारी.

४. कापड: आधी पिशवी, मग उष्णता

चादरी, अभ्रे, गोधड्या, पडदे आणि पलंगाजवळचे कपडे खोलीतच मोठ्या पिशव्यांत भरा आणि तोंड घट्ट बांधा. हातावर घेऊन घरभर फिरू नका. बांधलेली पिशवी थेट मशीनपाशी उघडायची आणि रिकामी झाली की तिचीही घडी न करता गाठ मारून कचऱ्यात टाकायची.

नुसत्या साबणाने अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. फ्रंट लोड मशीन असेल तर ६० अंशांचा प्रोग्राम लावा. साध्या टॉप लोड मशीनला हीटर नसतो. अशा वेळी सुती कपडे उकळत्या पाण्याच्या टबात बुडवून, पाणी आपोआप निवेपर्यंत ठेवा आणि मग धुवा. ड्रायर मिळाला तर सगळ्यात सोपं: कपडे पूर्ण वाळल्यावर सर्वांत जास्त उष्णतेवर आणखी अर्धा तास. नाणं टाकून वापरायच्या किंवा किलोवर धुऊन देणाऱ्या लॉन्ड्रीत ड्रायर असतात. तिथे आधी सांगा, म्हणजे ते पिशवी इतर कपड्यांत उघडणार नाहीत. ज्यांना पाणी चालत नाही त्यांना कडक इस्त्री, शिवणींवर सावकाश.

उन्हाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण पुण्यात सगळ्यांचा पहिला भरवसा त्याच्यावरच असतो. ४५ अंशांना मोठा ढेकूण मरायला सुमारे दीड तास लागतो आणि अंड्यांना कित्येक तास. ४८ अंशांना अंडी साधारण सव्वा ते दीड तासात मरतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. गादीचा वरचा कापडी थर तापतो, पण ढेकूण सरळ खालच्या गार बाजूला उतरतात. दुपारभर उन्हात घातलेली गादी संध्याकाळी खाली आणताना ढेकूणही परत येतात. मात्र पातळ वस्तू काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, थोड्या थोड्या भरून, कडक उन्हात ठेवल्या तर उपयोग होतो. पिशवीच्या मधोमध स्वयंपाकाचा थर्मामीटर घालून पाहा; ५० अंशांच्या वर दोन तास टिकलं तरच काम झालं म्हणा. पावसाळ्यात हा उपाय विसरा.

पुस्तकं आणि छोटी खेळणी पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवता येतात. घरच्या फ्रिजचा फ्रीझर खरंच तितका थंड आहे का, हे मोजून पाहा.

पडताळणी: स्वच्छ झालेलं कापड नव्या, बंद पिशवीत गेलं का? उघड्या कपाटात परत गेलं असेल, तर हा टप्पा पुन्हा.

५. पलंग पूर्ण खोला

बहुतेक घरांत काम इथेच अर्धवट राहतं, कारण हे कंटाळवाणं आहे आणि पाठ दुखते. पण निम्म्याहून अधिक लढाई इथली आहे. सुट्टीचा अख्खा दिवस धरा आणि मदतीला एक माणूस घ्या.

आधी व्हॅक्यूम क्लीनर, बारीक तोंडाची नळी लावून. प्रत्येक फट, प्रत्येक भोक. काम संपल्याबरोबर आतला कचरा पिशवीत बांधून घराबाहेर टाका. मशीनमध्ये ठेवला तर ते चालत बाहेर येतात. अंडी घट्ट चिकटलेली असतात, ती कार्डाच्या कडेने किंवा ताठ ब्रशने खरवडून मगच ओढून घ्या.

मग वाफ. कपड्यांच्या इस्त्रीसाठीचा हातातला छोटा स्टीमर बहुधा पुरत नाही. फरशी आणि सोफा साफ करायचा स्टीम क्लीनर भाड्याने मिळाला तर घ्या. नळीच्या तोंडाला सुती फडकं बांधा, म्हणजे वाफेच्या झोताने ढेकूण उडून जाणार नाहीत. फूटभर फटीला दहा-पंधरा सेकंद, इतक्या सावकाश सरका. नळी पुढे गेल्याबरोबर तो भाग ७० ते ८० अंश गरम असायला हवा. भराभर फिरवलेली वाफ म्हणजे नुसता दमटपणा. स्विचबोर्ड आणि वायरींजवळ वाफ नको.

पलंगाच्या प्रकाराप्रमाणे थोडा फरक:

लोखंडी कॉट असेल तर तुमचं नशीब चांगलं. बाथरूममध्ये किंवा गॅलरीत न्या, पाइपांच्या टोकांची रबरी बुचं काढा आणि पोकळ पाइपांत उकळतं पाणी ओता. बुचांच्या आतच सगळ्यात जास्त सापडतील. पाय आणि लहान मुलं सांभाळा.

लाकडी पलंगाचे सगळे स्क्रू काढा आणि फळ्या वेगळ्या करा. वाफ आणि ब्रश झाल्यावर, फळ्या पूर्ण सुकल्या की स्क्रूची रिकामी भोकं आणि सांधे लाकडाच्या पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवा. पण हे साफ केल्यानंतरच. आधी बुजवलंत तर जिवंत ढेकूण आत कोंडाल आणि ते दुसरी वाट शोधतील.

बॉक्स बेड, म्हणजे आत सामान ठेवायचा दिवाण, हा या सगळ्यातला वैरी. पाय नाहीत, आत अंधार, भिंतींना प्लायचे दुहेरी थर आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या रजया. आतलं सगळं सामान टप्पा ४ प्रमाणे काढा, तळाचा प्लाय उचला, कोपऱ्यांतल्या लाकडी पट्ट्या काढा. पट्ट्या खिळ्यांनी आणि फेविकॉलने पक्क्या बसवलेल्या असतील, तर सुताराला बोलवा. सुतार म्हणेल, “साहेब, नवाच करून घ्या.” प्लाय भुसभुशीत झाला असेल आणि थर सुटले असतील, तर त्याचं ऐका.

पलंग खुला असतानाच मागच्या भिंतीतल्या भेगा, स्कर्टिंगच्या वरची फट आणि वायरीच्या पाइपाभोवतीची जागा साफ करून बुजवून घ्या.

६. गादी आणि उशी

व्हॅक्यूम आणि वाफ शिवणींवर. पूर्ण सुकू द्या, नाहीतर बुरशी. मग चारही बाजूंनी बंद होणारं, चेनचं गादी-कव्हर घाला. फक्त वरून बसणारं इलॅस्टिकचं नको. चेन पूर्ण ओढून टोकाला चिकटपट्टी लावा आणि वर्षभर काढू नका. आत राहिलेले उपाशी मरतील आणि बाहेरच्यांना लपायला शिवणी उरणार नाहीत. कव्हर फाटलं तर उपयोग संपला, म्हणून पलंगाचे टोकदार कोपरे आधी घासून घ्या. नवी गादी घेण्याची गरज बहुधा नसते. नवी गादी जुन्या पलंगावर टाकली, तर आठवडाभरात तीही जुनी.

७. पलंगाचं बेट करा

पलंग भिंतीपासून वीतभर दूर. चादर, रजई, मच्छरदाणीची झालर यांपैकी काहीही जमिनीला टेकू नये. मोबाइलच्या चार्जरची वायर पलंगावरून भिंतीपर्यंत गेली, तर तोही पूल. पलंगाखाली सामान नको.

प्रत्येक पायाखाली खोलगट, उभ्या कडांचा वाडगा. परदेशी सल्ल्यांत नुसता गुळगुळीत प्लॅस्टिकचा वाडगा सांगतात, पण आपल्याकडचा उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत कडा चढण्यात जास्त तरबेज आहे. म्हणून वाडग्याला आतून टाल्कम पावडर चोळा किंवा थेंबभर साबण घालून पाणी भरा. पाणी भरलंत तर दर दोन-तीन दिवसांनी बदला; ढेकूण घालवताना डेंग्यूचे डास पाळायला नकोत.

आता याच पलंगावर झोपा. हे लोकांना पटत नाही, पण खोलीत उरलेले ढेकूण तुमच्याकडे येतानाच वाडग्यात सापडतात किंवा पुढच्या टप्प्यातल्या औषधावरून चालतात.

८. औषध: आता, आणि नीट माणसाकडून

व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. फोनवरच विचारा: परवाना आहे का? औषधाचं नाव काय? आधी पाहणी करता का? दुसरी फेरी किती दिवसांनी आणि त्याचे पैसे यातच धरलेत का? “एका फवाऱ्यात सगळं साफ, वर्षभराची गॅरंटी” म्हणणाऱ्याला नमस्कार करा. “जेल लावतो, वास येत नाही” म्हणणाऱ्यालाही. जेल हे झुरळाचं आमिष आहे. ढेकूण रक्ताशिवाय काही खात नाही, तो जेल चाटणार नाही. याच कारणाने बोरिक पावडरचाही उपयोग नाही. डांबरगोळ्या, कापूर, खडूच्या रेघा आणि आवाजाची प्लगमध्ये लावायची यंत्रं यांवर पैसे घालवू नका.

माणूस यायच्या आधी: पलंग खुला, फर्निचर भिंतीपासून दूर, भांडी आणि धान्य झाकलेलं, माशांची टाकी झाकून पंप बंद, पाळीव प्राणी बाहेर. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर आधीच सांगा. औषध फटींत, सांध्यांत, स्कर्टिंगच्या कडेला आणि फर्निचरच्या मागच्या-खालच्या बाजूला पडलं पाहिजे. खोलीच्या मधोमध हवेत मारलेला धूर फटीत शिरत नाही. अंग टेकतं तिथे, गादीच्या वर किंवा उशीवर, औषध नको.

लेबलवर सांगितलेला वेळ घराबाहेर राहा, मग खिडक्या उघडून पंखे लावा. डोकं जड झालं, मळमळलं, धाप लागली तर लगेच बाहेर पडा आणि औषधाचं नाव घेऊन हॉस्पिटलमध्ये जा.

नेहमीची चूक: दुसऱ्या दिवशी फिनेल टाकून घरभर पोछा. त्याने कडेचं औषध पुसलं जातं. पुढची फेरी होईपर्यंत मधली फरशी पुसा, भिंतीची कड आणि पलंगाखालचा भाग सोडा. ही गोष्ट कामवाल्या मावशींना विसरू नका सांगायला; त्या त्यांच्या सवयीने कोपरे आधी घासतात.

९. दुसरी फेरी १० ते १४ दिवसांनी

बहुतेक औषधं अंड्यांवर नीट चालत नाहीत. पुण्याच्या हवेत अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पिल्लं बाहेर आली पण अजून अंडी घालण्याइतकी मोठी झाली नाहीत, ही दुसऱ्या फवाऱ्याची वेळ. “आता काही दिसत नाही” म्हणून ही फेरी रद्द करणारे तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतात. जास्त पसरलेल्या घरात तिसरी फेरी लागते.

१०. आठ आठवडे नजर

दर आठवड्याला एक ठरलेला दिवस: वाडगे पाहा, गादीच्या कव्हरच्या कडा पाहा, फोटो काढलेल्या जागा पाहा. जुने काळे ठिपके आधीच पुसून टाका, म्हणजे नवा ठिपका लगेच कळेल. खाज हा निकष धरू नका. डासांचा हंगाम असेल तर खाज येणारच. शेवटचं चिन्ह दिसल्यापासून आठ आठवडे काही नाही, तर घर मोकळं.

मध्येच नवे ढेकूण दिसले आणि तेही पलंगाऐवजी एकाच भिंतीच्या कडेने, तर ते शेजारून येत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तुमच्या फ्लॅटमध्ये चौथा फवारा मारून फायदा नाही. भिंत लागून असलेली दोन्ही घरं, वरचं आणि खालचं घर तपासलं पाहिजे. इथे लाज आड येते. ढेकूण घाणीमुळे होत नाहीत, सामानाबरोबर येतात, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावून, कुणाचं नाव न घेता सगळ्यांना एक निरोप पाठवायला सांगा.

सदाशिव पेठेतल्या किंवा कर्वेनगरातल्या कॉट बेसिसच्या खोलीत राहत असाल, तर एकट्याने आपली कॉट साफ करून काही होणार नाही. खोलीतल्या सगळ्या कॉट एकाच दिवशी करायला मालकाला लेखी कळवा, फोटोसह. खोली सोडायची ठरवलीत तर आधी टप्पा ४ पूर्ण करा, नाहीतर ढेकूण तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर येतील.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसने आलात की बॅग पलंगावर टाकू नका. बाथरूमच्या फरशीवर उघडा आणि कपडे सरळ धुवायला काढा. घर बदलताना पॅकर्सची गुंडाळायची ब्लँकेटं नाकारा, स्वतःच्या जुन्या चादरी द्या. भाड्याने आलेला पलंग आणि सोफा दारातच टॉर्चने पाहा, माणसं उभी असतानाच.

आणि जुना बाजार. बुधवारी, रविवारी तिथे लाकडी फर्निचर स्वस्तात मिळतं, घ्यायला हरकत नाही. पण टेम्पोत चढवण्याआधी खण बाहेर काढून उलटे करा, मागची फळी आणि पायांचे सांधे पाहा, कार्डाची कड फिरवा. काळे ठिपके दिसले तर भाव कितीही पडला तरी सोडा. गाद्या, उशा आणि कापडी सोफे तिथून घेऊच नका.